विल्यम मोल्टन मार्स्टन

विल्यम मोल्टन मार्स्टन (९ मे १८९३ – २ मे १९४७) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, कायद्याचे पदवीधर आणि लेखक होते. रक्तदाबातील चढउतारांवरून माणूस खोटे बोलत आहे की नाही हे ओळखण्याची चाचणी त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थी असताना तयार केली. आजच्या पॉलिग्राफ यंत्राच्या पूर्वसुरींमध्ये या चाचणीची गणना होते. खुनाच्या एका खटल्यात ती आरोपीच्या बचावासाठी पुरावा म्हणून मांडण्याचा त्यांचा प्रयत्न असफल ठरला. परंतु त्यातून निर्माण झालेला ‘फ्राय विरुद्ध अमेरिका’ (१९२३) हा निकाल नव्या वैज्ञानिक पुराव्याच्या ग्राह्यतेची कसोटी म्हणून अमेरिकेत पुढे सुमारे सत्तर वर्षे प्रमाण मानला गेला. ‘वंडर वुमन’ या चित्रकथेतील नायिकेचे जनक म्हणून सर्वसाधारण वाचकांना ते अधिक परिचित आहेत.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

मार्स्टन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉगस या गावी झाला. वडील फ्रेडरिक हे लोकरीच्या कापडाचे व्यापारी होते. आई ॲनी यांचे माहेरचे मोल्टन हे आडनाव त्यांच्या नावाचा भाग बनले आणि पुढे टोपणनावातही आले. १९११ साली ते हार्वर्डमध्ये दाखल झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमधील स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना विद्यापीठाच्या आवारात भाषण करण्यास मनाई करण्यात आली, आणि त्यावरून मोठा वाद झाला. स्त्रियांच्या हक्कांविषयी मार्स्टन यांना वाटणारी आस्था या काळापासूनची होय. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी ते मूकपटांच्या कथा लिहून विकत असत.

हार्वर्डमधून त्यांनी १९१५ मध्ये बी.ए., १९१८ मध्ये कायद्याची पदवी आणि १९२१ मध्ये मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. कायदा आणि मानसशास्त्र हे दोन्ही विषय एकाच वेळी शिकण्यामागे त्यांचे गुरू ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांचा प्रभाव होता. जर्मनीहून आलेल्या म्यून्स्टरबर्ग यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑन द विटनेस स्टँड’ या पुस्तकात साक्षीदारांच्या स्मृतीची अविश्वसनीयता दाखवून दिली होती आणि न्यायालयांनी प्रायोगिक मानसशास्त्राचे साहाय्य घ्यावे असा आग्रह धरला होता. वकीलवर्गाने त्या पुस्तकाची बरीच खिल्ली उडविली. म्यून्स्टरबर्ग १९१६ च्या डिसेंबरमध्ये निधन पावले. त्यांचे अपुरे राहिलेले काम न्यायालयाच्या दारापर्यंत नेणारे शिष्य मार्स्टन ठरले.

१९१५ साली मार्स्टन यांचा विवाह एलिझाबेथ हॉलोवे यांच्याशी झाला. त्या माउंट होल्योक महाविद्यालयाच्या पदवीधर होत्या. हार्वर्डच्या कायदा शाळेत त्या काळी स्त्रियांना प्रवेश नसल्याने त्यांनी बॉस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. राग आला किंवा मन उत्तेजित झाले की आपला रक्तदाब वाढल्यासारखा वाटतो, हे निरीक्षण त्यांचे होते आणि चाचणीची मूळ कल्पना त्यातूनच सुचली, असे कुटुंबात सांगितले जाई. चाचणीच्या श्रेयात मात्र त्यांचे नाव फारसे आले नाही.

रक्तदाब चाचणी

मार्स्टन यांची पद्धत साधी होती. डॉक्टर वापरतात तसा रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला बांधायचा, प्रश्न विचारत राहायचे आणि हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा कमाल रक्तदाब, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘वरचा’ रक्तदाब म्हणतात तो, ठरावीक अंतराने मोजून त्याचा आलेख काढायचा. खोटे बोलताना मनावर ताण येतो, तो दडविण्याचा प्रयत्न माणूस करतो आणि या दुहेरी श्रमामुळे आलेख विशिष्ट प्रकारे चढतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. प्रयोगात सहभागी झालेल्या विद्यार्थ्याला एक प्रसंग लिहून दिलेला असे. खरे सांगायचे की बनाव रचायचा हे त्याने स्वतः ठरवायचे आणि परीक्षकाने ते ओळखायचे. या प्रयोगांत जवळजवळ प्रत्येक वेळी निदान अचूक ठरल्याचे मार्स्टन यांनी नोंदविले आणि १९१७ साली आपले निष्कर्ष एका मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

येथेच या चाचणीचे मर्म आणि तिचे मूळ दुबळेपणही आहे. यंत्र रक्तदाब मोजते; खोटेपणा मोजत नाही. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला खोटे पकडले गेले तरी गमावण्यासारखे काहीच नसते. फाशीच्या छायेत बसलेल्या कैद्याचा रक्तदाब मात्र तो निर्दोष असला तरीही वाढू शकतो, आणि सराईत गुन्हेगाराचा कदाचित वाढणारही नाही. भीती, संताप, अपमान आणि अपराधीपणा यांच्या शारीरिक खुणा एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मार्स्टन यांनी कधी दिले नाही. अनुभवी परीक्षकाला ते कळते, एवढ्यावरच त्यांची भिस्त होती.

या क्षेत्रात ते पहिलेच होते असेही नाही. इटलीतील गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोम्ब्रोझो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संशयितांच्या नाडीचे आणि रक्तप्रवाहाचे मापन केले होते, तर व्हित्तोरिओ बेनुस्सी यांनी १९१४ मध्ये श्वासाच्या गतीवरून खोटे ओळखण्याविषयी लिहिले होते. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पोलीस अधिकारी जॉन लार्सन यांनी मार्स्टन यांचे संशोधन वाचून रक्तदाब, नाडी आणि श्वास यांची एकाच वेळी अखंड नोंद करणारे यंत्र बनविले. त्यांचे सहकारी लेनार्ड कीलर यांनी ते सुटसुटीत केले, पुढे त्वचेच्या विद्युतरोधाचे मापन त्यात जोडले आणि यंत्राचा पोलीस खात्यांत प्रसार केला. लार्सन यांना उत्तरायुष्यात आपल्या यंत्राच्या वापराविषयी खेद वाटू लागला. मार्स्टन यांचा विश्वास मात्र अखेरपर्यंत ढळला नाही.

फ्राय खटला

नोव्हेंबर १९२० मध्ये वॉशिंग्टन शहरात रॉबर्ट ब्राउन या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय डॉक्टरांची त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्या उन्हाळ्यात जेम्स अल्फोन्सो फ्राय या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी दरोड्याच्या संशयावरून पकडले. चौकशीत फ्राय यांनी ब्राउन यांच्या खुनाची कबुली दिली आणि नंतर ती नाकारली. खुनाचा छडा लावणाऱ्यासाठी जाहीर झालेल्या बक्षिसातील वाटा देण्याचे आमिष दाखवून पोलिसांनी आपल्याकडून कबुली घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करण्यासाठी पुरेसे साक्षीदार त्यांना मिळाले नाहीत. आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा मृत्युदंडाची होती.

मार्स्टन त्या सुमारास वॉशिंग्टनमधील अमेरिकन विद्यापीठात कायदेविषयक मानसशास्त्र शिकवीत होते. फ्राय यांचे वकीलपत्र घेतलेले दोन तरुण वकील त्यांच्याच वर्गातील विद्यार्थी होते. १० जून १९२२ रोजी मार्स्टन यांनी तुरुंगात जाऊन फ्राय यांची चाचणी घेतली आणि ते खुनाविषयी खरे बोलत आहेत, म्हणजेच निर्दोष आहेत, असा निष्कर्ष काढला.

जुलैमध्ये सुनावणी झाली तेव्हा बचाव पक्षाने मार्स्टन यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून पुढे आणले. न्यायाधीश वॉल्टर मॅकॉय यांनी त्यांची साक्ष घेण्यास नकार दिला. साक्षीदार खरे बोलतो की खोटे हे ठरविणे ज्यूरीचे काम आहे आणि टेलिफोन किंवा तारायंत्राइतके हे शास्त्र पक्के झाले तर पुढे पाहता येईल, असा त्यांचा सूर होता. चाचणी ज्यूरीसमोर पुन्हा करून दाखविण्याची बचाव पक्षाची तयारीही फेटाळण्यात आली. ज्यूरीने फ्राय यांना दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी ठरविले. त्यांची फाशी टळली, पण जन्मठेप झाली.

अपिलाचा निकाल ३ डिसेंबर १९२३ रोजी लागला. न्यायमूर्ती जोसाया व्हॅन ऑर्सडेल यांनी लिहिलेला हा निकाल जेमतेम दोन पानांचा आहे. त्यात एकाही पूर्वनिर्णयाचा आधार नाही आणि मार्स्टन यांचे नावही नाही. त्याचा आशय असा की, एखादे वैज्ञानिक तत्त्व प्रयोगावस्थेतून सिद्धावस्थेत नेमके केव्हा जाते हे सांगणे अवघड असते. त्यामुळे तज्ज्ञाची साक्ष ज्या तत्त्वावर आधारलेली आहे त्याला त्या शाखेत सर्वसाधारण मान्यता मिळालेली असली पाहिजे. रक्तदाब चाचणीला शरीरशास्त्र आणि मानसशास्त्राच्या जाणकारांमध्ये अशी मान्यता अद्याप मिळालेली नाही, असे म्हणून न्यायालयाने शिक्षा कायम केली. चाचणी खरी की खोटी, याचा विचार न्यायालयाने केलाच नाही. ती किती जणांना मान्य आहे एवढाच प्रश्न त्याने विचारला, आणि पुढे टीकाकारांनी बोट ठेवले ते नेमके यावरच.

अपील प्रलंबित असतानाच, १९२३ च्या प्रारंभी, मार्स्टन यांना बॉस्टनमधील एका बुडीत निघालेल्या कापड व्यवसायाच्या संदर्भात फसवणुकीच्या आरोपावरून अटक झाली. आरोप पुढे मागे घेण्यात आले, परंतु अमेरिकन विद्यापीठातील त्यांची नोकरी गेली. खोटे ओळखणाऱ्या शास्त्राचा पुरस्कर्ताच फसवणुकीचा आरोपी ठरल्यामुळे फ्राय यांच्या वकिलांनी अपिलात त्यांचे नाव पुढे करणे टाळले असावे, असा तर्क केला जातो.

खऱ्या खुन्याने नंतर कबुली दिल्यामुळे तीन वर्षांत फ्राय यांची सुटका झाली, म्हणजे चाचणीच खरी ठरली, अशी आख्यायिका अमेरिकेतील वकीलवर्गात अनेक दशके सांगितली जात होती. पॉलिग्राफच्या समर्थकांना ती साहजिकच आवडे, पण तिला आधार नाही. फ्राय यांनी सुमारे अठरा वर्षे कारावास भोगला आणि १९३९ साली ते पॅरोलवर बाहेर आले. खून त्यांनी केला होता की नाही, हे कोणत्याही यंत्राने वा न्यायालयाने निःसंशयपणे सांगितलेले नाही.

कौटुंबिक जीवन

१९२५ साली टफ्ट्स महाविद्यालयात शिकवीत असताना मार्स्टन यांची ऑलिव्ह बर्न या विद्यार्थिनीशी ओळख झाली. बर्न या संततिनियमन चळवळीच्या प्रणेत्या मार्गारेट सँगर यांची भाची होत. त्यांच्या आई एथेल बर्न यांनी सँगर यांच्यासह १९१६ मध्ये ब्रुकलिन येथे अमेरिकेतील पहिले संततिनियमन केंद्र उघडले होते आणि त्याबद्दल झालेल्या तुरुंगवासात उपोषण केले होते. ऑलिव्ह लवकरच मार्स्टन दांपत्याच्या घरी राहू लागल्या. पुढे मार्स्टन यांना हॉलोवे आणि बर्न या दोघींपासून प्रत्येकी दोन अपत्ये झाली आणि सर्वजण एकाच घरात राहिले. हॉलोवे नोकरी करून घराचा मोठा भार उचलत, तर चारही मुलांचे संगोपन बर्न करीत. बाहेरच्या जगाला ऑलिव्ह या विधवा नातेवाईक असल्याचे सांगितले जाई आणि त्यांच्या मुलांनाही आपल्या पित्याचे नाव दीर्घकाळ सांगितले गेले नाही. इतरांच्या असत्याचा माग काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या घराचा पाया असा एका जपलेल्या बनावावर उभा होता. तत्कालीन समाज पाहता त्याला दुसरा पर्यायही फारसा नव्हता.

विद्यापीठाबाहेरील कारकीर्द

न्यायालयाने पाठ फिरविल्यानंतर मार्स्टन यांची चाचणी हळूहळू प्रसिद्धीच्या बाजारात गेली. विद्यापीठांतील त्यांच्या नेमणुका अल्पकाळ टिकणाऱ्या होत्या. १९२८ साली त्यांनी न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहात वार्ताहरांसमोर नृत्यसंघातील तरुणींच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि प्रेमदृश्ये पाहताना सोनेरी केसांच्या तरुणींपेक्षा काळ्या केसांच्या अधिक उत्तेजित होतात, असा निष्कर्ष जाहीर केला. युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीत त्यांनी काही काळ मानसशास्त्रीय सल्लागार म्हणून काम केले. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बालकाच्या अपहरण व हत्येच्या गाजलेल्या खटल्यातील आरोपी ब्रूनो हाउप्टमन यांची चाचणी घेण्याची तयारीही त्यांनी दाखविली होती, परंतु ती झाली नाही. १९३८ मध्ये त्यांचे ‘द लाय डिटेक्टर टेस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जिलेट कंपनीच्या दाढीच्या पात्यांच्या जाहिरातींत ते आपल्या यंत्रासह झळकले. या क्षेत्रातील गंभीर अभ्यासकांना ते रुचले नाही.

याच काळातील त्यांचे अधिक टिकाऊ काम म्हणजे ‘इमोशन्स ऑफ नॉर्मल पीपल’ (१९२८) हा ग्रंथ. मनोविकारांऐवजी सर्वसामान्य माणसांच्या भावनांचा विचार करून त्यांनी वर्तनाच्या चार मूलभूत प्रवृत्ती मांडल्या. उद्योगक्षेत्रात कर्मचारी निवडीसाठी व प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डिस्क’ व्यक्तिमत्त्व चाचण्या याच मांडणीवरून इतरांनी पुढे तयार केल्या.

वंडर वुमन

ऑलिव्ह बर्न ‘फॅमिली सर्कल’ या नियतकालिकात टोपणनावाने लेख लिहीत आणि त्यांत मार्स्टन यांच्या मुलाखती घेत. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका मुलाखतीत मार्स्टन यांनी चित्रकथांचे समर्थन केले. ती वाचून प्रकाशक मॅक्स गेन्स यांनी त्यांना सल्लागार नेमले. बळाच्या जोरावर जिंकणाऱ्या पुरुष नायकांच्या गर्दीत स्त्री नायिका हवी, अशी मांडणी करून मार्स्टन यांनी ‘चार्ल्स मोल्टन’ या टोपणनावाने वंडर वुमनच्या कथा लिहिल्या. चित्रे हॅरी पीटर यांनी काढली. ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकातून १९४१ च्या अखेरीस ही नायिका वाचकांसमोर आली. तिच्या मनगटांवरील कडी ऑलिव्ह बर्न यांच्या हातांतील रुंद कड्यांवरून सुचली होती.

वंडर वुमनच्या हातातील दोरीत जो सापडेल त्याला तिची आज्ञा पाळावी लागते आणि मनातले सांगावे लागते. पुढील लेखकांच्या काळात ती ‘सत्याची दोरी’ म्हणूनच ओळखली गेली. रक्तदाबाच्या पट्ट्याशी तिचे नाते अनेक अभ्यासकांनी जोडले आहे आणि ते पटण्यासारखे आहे. बांधलेल्या माणसाकडून सत्य वदवून घेता येते, ही मार्स्टन यांची श्रद्धा दोन्हींच्या मुळाशी आहे. कथांमधील साखळदंड आणि बंधनांच्या दृश्यांवर त्या काळीही आक्षेप घेतले गेले.

१९४४ साली मार्स्टन यांना पोलिओ झाला आणि चालणे कठीण झाले. त्यानंतर कर्करोगाचे निदान झाले. न्यूयॉर्क राज्यातील राय येथे २ मे १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. हॉलोवे आणि बर्न पुढेही अनेक वर्षे एकत्र राहिल्या. हॉलोवे यांचे निधन १९९३ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी झाले.

कायद्यावरील प्रभाव

सर्वसाधारण मान्यतेचा फ्राय-नियम प्रारंभी फारसा उद्धृत झाला नाही. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आवाजाचे आलेख, संमोहनानंतरची साक्ष, डीएनए अशा नव्या पुराव्यांच्या वेळी अमेरिकन न्यायालये त्याचा आधार घेऊ लागली. १९९३ मध्ये ‘डॉबर्ट’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याच्या न्यायालयांपुरता हा नियम बाजूला सारला आणि पुराव्यामागील पद्धतीची विश्वसनीयता न्यायाधीशाने स्वतः तपासावी असे ठरविले. काही राज्यांत फ्राय-नियम त्यानंतरही चालू राहिला. पॉलिग्राफला न्यायालयांत मोकळा प्रवेश मिळाला नाही तरी पोलीस ठाणी, गुप्तचर संस्था आणि खासगी कंपन्यांत त्याचा वापर वाढत गेला. तो इतका की, १९८८ साली अमेरिकन काँग्रेसला बहुतांश खासगी मालकांना कर्मचाऱ्यांची अशी चाचणी घेण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला.

भारतात हा प्रश्न वेगळ्या अंगाने पुढे आला. तपासयंत्रणांनी पॉलिग्राफबरोबरच नार्को चाचणी आणि मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारित चाचण्या वापरण्यास सुरुवात केली. बनावट मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली अशा चाचण्यांना हिरवा कंदील दाखविला, तर २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात दोषी ठरविताना मेंदू-चाचणीच्या निष्कर्षाचाही आधार घेतला. त्या निकालाची जगभरच्या वैज्ञानिकांत टीकात्मक चर्चा झाली. अखेर ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या तीन सदस्यीय पीठाने संमतीविना घेतलेल्या अशा सर्व चाचण्या घटनाबाह्य ठरविल्या. शास्त्रज्ञांची मान्यता किती, यापेक्षा या निकालात भर होता तो स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या हक्कावर (अनुच्छेद २०(३)) आणि व्यक्तिस्वातंत्र्यावर (अनुच्छेद २१). फ्राय यांनी चाचणी स्वखुशीने आणि स्वतःच्या बचावासाठी दिली होती. भारतीय न्यायालयापुढे आलेले आरोपी ती टाळू पाहत होते. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाही. तिच्या साहाय्याने पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर तेवढीच तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार ग्राह्य धरता येईल, असे न्यायालयाने म्हटले. तसेच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोपीला वकिलाचे साहाय्य द्यावे, त्याची संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी आणि चाचणीची नोंद रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत करावी, असेही बंधन घातले.